नावांचं टाकं

गवळखिंडीच्या वर कातळात एक टाकं आहे. पाणी शाईसारखं काळं. ओंजळीत घ्यावं तर नितळ. वाकून पाहिलं की आधी ढग दिसतात, मग आपण. पाणी प्यायला वाकलेल्या वाटसरूला तिथले म्हातारे देवजी मेंगाळ थांबवतात. "दमानं, पाव्हणं. आधी पाण्याला नाव सांगायचं." मग कातळावर बसवून ते सांगू लागतात.

गोऱ्यांच्या अंमलाविरुद्ध हा डोंगर उठला तेव्हा सटवाजी नाईकांचा तळ इथं होता, म्हणे. नाईकांना अक्षर येत नव्हतं. पत्रं लिहायचे अंताजीपंत. शेजारच्या खोऱ्यांकडे बंदुकीची दारू मागायची असो की नाचणी, नाईक प्रत्येक पत्रात आपल्या माणसांची नावं घालायला लावत, एकूण एक. कागद शत्रूच्या हाती पडला तर सगळे फासावर जातील, असं पंतांनी कितीदा समजावलं. नाईक ऐकत नसत.

"पंत, सरकार आम्हाला दरोडेखोर लिहिणार. तुम्ही तरी नावानं लिहा. आणि नावं पुसू देणार नाही, एवढा शब्द द्या."

पंतांनी शब्द दिला.

एका सकाळी धुक्यातून पलटण वर आली. नाईक माणसांसह पलीकडच्या रानात होते. तळावर एकटे पंत आणि पत्रांच्या नकलांचा गठ्ठा. धुक्यानं सर्दावलेला गठ्ठा पेटत नव्हता. पंत टाक्याकाठी बसले. नावं राखावीत तर माणसं जातात, माणसं राखावीत तर शब्द जातो. शेवटी त्यांनी एकेक कागद उचलला, त्यातलं प्रत्येक नाव पाण्याला हळू वाचून दाखवलं आणि कागद बुडवला. काजळाची शाई सुटत गेली. दर नावाला पाणी झोपेतल्यासारखं हलायचं आणि ते आत घ्यायचं, असं सांगतात.

शिपायांना ओले, कोरे कागद मिळाले. साहेबानं नावं विचारली.

"पाण्याला सांगितलीत," पंत म्हणाले. "त्यालाच विचारा."

त्यांना खाली खिंडीतच फाशी दिलं.

नाईक परतले, काळ्या पाण्यावर वाकले. तळातून सगळी नावं ऐकू आली. एक तेवढं नव्हतं. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव कुठल्याच पत्रात घातलं नव्हतं. मग ते नाईकांनीच पाण्याला सांगितलं.

सरकारी दप्तरात या लढ्याला दीड ओळ मिळाली: 'काही दरोडेखोरांचा बंदोबस्त केला.' ती लिहिताना कुणाला लाज वाटली नाही. पण आजही इथल्या बाया पाण्याला आपलं नाव सांगितल्याशिवाय घागर बुडवत नाहीत. आणि आपल्याही आधी, अंताजीपंतांचं.