हाकेचा क्रूस

वसईकडच्या केळीच्या वाड्यांतून जाणारी एक पायवाट बावखलाशी येऊन थांबते. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठावर चुना दिलेला एक दगडी क्रूस आहे आणि क्रूसासमोर एक सपाट धोंडा. इथं आलेल्या पाहुण्यांना पहिल्यांदा खटकतं ते असं, की एखादी बाई ताजा हार हातात घेऊन उभी असते, क्रूस मोकळाच असतो, आणि तरी ती हार घालत नाही. ती वाडीकडे तोंड करून हाक मारते, "कोण आहे का गं?" आणि वाट बघत राहते.

"हात पुरत नाही का त्यांचा?" असं कोणीतरी हमखास विचारतं. मग गावातले वयस्कर इनासबाबा पाहुण्यांना आंब्याच्या सावलीत बसवतात. "हात पुरतो. आपला हार आपण घालायचा नाही, एवढंच. बसा तुम्ही. तिला कोणी ओ देईपर्यंत माझी गोष्ट होईल सांगून."

फार पूर्वी, तारवं शिडांवर चालत त्या काळी, या वाडीत रुफिना नावाची तरुण बाई राहायची म्हणे. जिवाने भित्री, पान पडलं तरी दचकणारी. तिचा नवरा हिलारी तारवावर खलाशी होता. तारू लांबच्या बंदराला गेलं ते पावसाळा उलटला तरी परतलं नव्हतं. शेजारच्या मोनीमावशीचा एकुलता एक मुलगा पास्कू त्याच तारवावर होता. तेव्हा दोघींनी एकच नवस केला. आपलं माणूस घरी येईपर्यंत रोज संध्याकाळी बावखलावरच्या क्रूसाला हार घालायचा.

रुफिनाचा हात हाराला चांगला होता. सुकलेल्या केळीच्या सोपटाचा दोरा काढून ती त्यात मोगरा असा दाटीने ओवायची, की दोरा दिसायचाच नाही. मोनीमावशीची बोटं थरथरायची, तिचा तगरीचा हार विरळ व्हायचा. संध्याकाळी क्रूसापुढे लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, गायला जमलेल्या बाया म्हणायच्या, "रुफिना, तुझा हार देवाला डोळे मिटूनसुद्धा कळत असेल." रुफिना मान खाली घालायची, आणि तिला बरं वाटायचं.

एका संध्याकाळी मोनीमावशीला यायला उशीर झाला. रुफिना हार घेऊन तशीच उभी होती. ऊन केळींच्या मागे गेलं, मोगरा हातातच मलूल व्हायला लागला, तरी ती थांबून होती. तेवढ्यात एक खंड्या सरळ पाण्यात झेपावला आणि ती एवढी दचकली, की हार हातून निसटला. तो उचलताना तिच्या मनात आलं, मी थांबलेय तरी कशाला?

उत्तर तिला ठाऊक होतं. शेवटी घातलेला हार सगळ्यांच्या वर बसतो. मोनीमावशीचा हार खाली जावा आणि देवाची नजर पहिली आपल्या हारावर पडावी, म्हणून ती थांबायची. रोज.

त्या दिवसापासून तिचं मन तिच्या मागेच लागलं, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी ती भर दुपारी गेली आणि आपला हार आधी घालून आली. पण विहिरीवर "मी आता खालीच घालते बाई" असं बोलून गेली, आणि जिभेवर गोडी आली तशी ओशाळली. मग कोणाला न सांगता जाऊ लागली. तर हार घालून होताच नजर आपोआप पायवाटेकडे वळायची, चुकून कोणी पाहिलं तर नाही ना. आणि कोणी पाहिलेलं नसलं, की कुठेतरी खट्टू व्हायची.

शेवटी तिने फादरांना गाठलं. म्हणाली, "फादर, देवाला आवडावं म्हणून करायला जाते आणि मध्ये मीच येऊन उभी राहते. मन साफ होईपर्यंत हार बंद ठेवू का?"

फादर हसले म्हणे. "तसा नियम केलास तर आधी माझी चर्चमधली मिस्सा बंद पडेल, बाय. घाल तू हार."

ती परत आली. पण क्रूसापुढे "माझ्या हिलारीला आण" म्हणताना तिला आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिचा वर केलेला हात तिथेच राहिला. तारू एकच होतं. उद्या समुद्रात एकच फळी तरंगत उरली, तर ती कोणाच्या हाती द्यायची, हे ती इतके दिवस आपल्या मोठ्या हाराने देवाला सुचवत होती. पास्कूचं नाव तिने एकदाही घेतलं नव्हतं. हाच पोरगा तिच्या परसातल्या मोगऱ्याला पाणी घालायचा.

तिने हार धोंड्यावर ठेवला आणि वाडीकडे तोंड करून हाक मारली, "कोण आहे का? माझा एवढा हार घालाल का?"

कोणी आलं नाही. बायांना वाटलं, हिला आता हार घालायलाही मानकरी लागतात. दुसऱ्या संध्याकाळीही कोणी आलं नाही, तिसऱ्याही नाही. धोंड्यावरचे हार सुकत गेले. क्रूसावर मोनीमावशीचा तेवढा एक विरळ हार असायचा. रुफिनाशी गाठ पडू नये म्हणून मावशी तो पहाटेच घालून जायची. तिचं घर पलीकडच्या काठावर होतं, रुफिनाची हाक तिला रोज ऐकू जायची.

मग एका संध्याकाळी रुफिनाने नाव घेऊन हाक मारली. म्हणाली, "मोनीमावशी, ये ना गं."

बऱ्याच वेळाने पाणवेलींच्या आडून आवाज आला, "काय झालं? हात मोडला की काय तुझा?"

"हात धड आहे, मावशी. माझ्या हातानं घातला की हार पास्कूच्या वर जाऊन बसतो."

मोनीमावशी काठाकाठाने आली आणि क्रूसाखाली बसली. मग म्हणाली, "तुझा हार सकाळी खाली पडलेला असायचा, आठवतं? तुला काय वाटलं, वाऱ्यानं पडायचा?"

रुफिनाने मावशीच्या थरथरत्या बोटांकडे पाहिलं. मग दोघींनाही हसू आलं, आणि हसताहसता रडू. मोनीमावशीने उठून मोगऱ्याचा हार क्रूसाला घातला आणि म्हणाली, "देवा, हिलारीला आण." आपल्या माणसाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून देवापुढे गेलेलं रुफिनाने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी मावशीचा तगरीचा हार रुफिनाने घातला. पास्कूसाठी.

तारू परतलं का, हे पाहुणे विचारतातच. इनासबाबा बावखलाकडे बघत सांगतात, नाही परतलं. तरी दोघींचे हार थांबले नाहीत. मन साफ झालं का, हे रुफिना मरेपर्यंत स्वतःला विचारत राहिली म्हणे. फक्त पायवाटेकडे तिची नजर आता एकाच कारणाने जायची. मोनीमावशी येतेय का, ते बघायला.

आजही या क्रूसाला कोणी आपला हार आपण घालत नाही. दुसऱ्याची वाट बघायची, आणि कोणीच नसलं तर हाक मारायची. इनासबाबांची गोष्ट संपली तेव्हा हारवाली बाई तशीच उभी होती. मोगरा थोडा मलूल झाला होता. तिने पदराने कपाळ पुसलं आणि पुन्हा एकदा हाक दिली. केळीची पानं हलली, पण तो वारा होता. मग लांबून, पाटाच्या पाण्यातून चालत येणाऱ्या पावलांचा आवाज आला, आणि त्यामागून एका बाईचा.

"आले गं बाय, आले. कोणासाठी घालायचा, तेवढं सांग."