भिवाजीची जीप

जातपंचायतीपुढे गोदाला बसवलं होतं. तिला वेड्यांच्या इस्पितळात न्यायला बाहेर जीप उभी होती. गोदा जन्माची स्वमग्न. कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवणं तिला जमतच नसे. लहानपणी सगळे म्हणत, "रंगानं काळी, पण पोर किती मर्यादशील!" पुढे लग्नाला नकार देऊन ती शेवंताबरोबर जोडीनं संसार करू लागली, आणि तीच खाली मान वेडाची खूण ठरली.

पंचप्रमुख भिवाजी गरजला, "माझ्या नजरेला जी नजर देत नाही, ती वेडी! बोल, काय म्हणणं आहे?"

जमिनीकडे बघतच गोदा म्हणाली, "तात्या, एक जीप पुरायची नाही. पंचांपुढं बाईनं मान वर करायची नाही, हा तुमचाच कायदा. माझ्यामागं बसलेल्या साऱ्याच वेड्या की! आधी तुमच्या आईला गाडीत घाला."



भिवाजीच्या म्हाताऱ्या आईनं डोईवरचा पदर मागे सारला आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा पंचांकडे रोखून पाहिलं. मग एकेक बाईची मान वर झाली.

खाली गेली ती भिवाजीची.