तळटिपेतला स्वयंपाक

“पण बाई, स्वयंपाकाला श्रम कसं म्हणायचं?” उन्मेष दळवीने विचारलं.

हेमलताबाई टिपणीसांनी हातातलं बाड मिटून बाजूला ठेवलं. समाजशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आता त्या वाईला एकट्याच राहत. उन्मेष त्यांचा जुना, लाडका विद्यार्थी. आता स्वतःच प्राध्यापक. समाजशास्त्राच्या आरंभकाळावर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला होता आणि बाईंची प्रस्तावना मागायला तो सकाळीच येऊन बसला होता.

“त्या काळात मार्क्सवादी स्त्रियाही लिहीत होत्या,” बाई म्हणाल्या. “घरातल्या राबण्याबद्दल. त्या कुठे आहेत तुझ्या ग्रंथात?”

“आहेत ना! तळटिपेत.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“म्हणजे असं बघा, शास्त्र उभं राहिलं ते कामगाराच्या अभ्यासावर. कारखाना, वर्ग, श्रम. घर हा वेगळा विषय.”

“आणि हा कामगार रोज सकाळी ताजातवाना होऊन येतो कुठून?”

“घरून,” उन्मेष म्हणाला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला.

तो बोलत राहिला. बारा वाजले. एक वाजून गेला. बाई मन लावून ऐकत होत्या. स्वयंपाकघरातून कसलाच वास येत नव्हता.

“बाई... जेवणाचं...?”

“अगबाई, खरंच की!”

बाईंनी ताट आणून पुढ्यात ठेवलं. मूठभर तांदूळ, एक अख्खं वांगं, चिमूटभर मीठ.

“सावकाश होऊ दे.”

उन्मेष वांग्याकडे बघत राहिला.

“बाई, हे कच्चं आहे.”

“असं कसं? शेतकऱ्याने पिकवलं, हमालाने वाहिलं, वाण्याने विकलं. तुझ्या ग्रंथाप्रमाणे श्रम संपले. आता तळटीप तेवढी राहिली.”

उन्मेष उठला. बाह्या सरसावून आत गेला.

आधी भांडी पडल्याचा आवाज आला. मग शिंका. मग करपल्याचा वास...

भात खाली करपला होता, वर कच्चा होता. भाजी तिखटजाळ. उन्मेषच्या कपाळाला हळद लागली होती. बाईंनी मात्र भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

“पटलं, बाई,” घाम पुसत उन्मेष म्हणाला. “त्या स्त्रियांना तळटिपेतून वर काढतो. चांगलं स्वतंत्र प्रकरण देतो.”

मग भिंतीला टेकून त्याने पाय पसरले. गड सर केल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

“हुश्श! झाला एकदाचा स्वयंपाक.”

बाईंनी बडीशेप तोंडात टाकली...

“रात्रीच्या जेवणाला काय करतोस?”