तळ्याला वाहिलेले पांघरूण

पूर्वी गोदातीरी अश्मक देशात एक धर्मशील राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व एका गावाबाहेरच्या तळ्यात यक्ष होऊन राहत होते. माणसांनी वाहिलेला नैवेद्य हेच यक्षाचे आयुष्य. तो थांबला, की यक्ष विरून जातो.

त्या वर्षी गावात जुलाब-उलट्यांची साथ शिरली. आजाऱ्याचे मळलेले पांघरूण तळ्यात बुडवून यक्षाला वाहायचे आणि तेच पाणी तीर्थ म्हणून घरी न्यायचे, अशी तिथली रीत होती. पांघरुणे वाढली तशी मढी वाढली, आणि मढी वाढली तसा नैवेद्य वाढला. बोधिसत्त्वांचे तेज फुलत गेले. पाण्याखालून त्यांना दिसे, प्रत्येक पांघरुणातून धुराच्या रेघेसारखे काही सुटते, पसरते आणि पुढच्या घागरीत शिरते. त्यांना घास कडू लागू लागला.

एका दुपारी, झाडाचे पानही हलत नसता, वासभा नावाची विधवा आजारी लेकीचे पांघरूण घेऊन आली. दोन लेकरे तिने आधीच गमावली होती.

पायरीवरचा पुजारी कौंडिल म्हणाला, "या खेपेला नीट बुडव, बाई. मागे नुसते टोक भिजवलेस, म्हणून यक्ष कोपला."

"चिंब भिजवले होते, बाबा. तुमच्या यक्षाचे पोट आहे की रांजण?"

ती वाकली. पाण्यात तिचे प्रतिबिंब उमटले, पुजाऱ्याचे उमटले, आणि दोघांच्या मध्ये तिसरा चेहरा उमटला. काठावर तिसरे कोणी नव्हते.

"मुली, थांब," तो चेहरा म्हणाला. "तुझी लेकरे मी नेली नाहीत. इथून नेलेल्या घागरीने नेली."

कौंडिल म्हणाला, "देवा, असे बोललात तर उद्या इथे दिवा कोण लावील?"

"कोणी नाही," चेहरा शांतपणे म्हणाला. "मुली, हे पांघरूण पाण्यापासून दूर नेऊन जाळ. वरच्या झऱ्याचे पाणी उकळून निवव, मीठ-गूळ घालून लेकीला घोटघोट पाज. तिची घाण काढलेला हात राखेने घासल्यावाचून अन्नाला लावू नकोस. घरोघरी हेच सांग."

"आणि तुमचा नैवेद्य?"

"आधी लेकीला पाज."

लेक वाचली. गावाने ऐकले, साथ ओसरली, आणि तळ्याकडची वाटही ओस पडली. वासभा लेकीला पाया पडायला घेऊन आली, तेव्हा मुलगी पाण्यात डोकावून म्हणाली, "आई, इथे तर आपण दोघीच आहोत."

वासभेने त्या रिकाम्या पाण्याला हात जोडले.

ही कथा सांगून शास्ते, भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कौंडिल म्हणजे आज आजाऱ्यांची भांडी घासणारा हा तुमचा सोबती. वासभा म्हणजे संघाला पाणी गाळून देणारी ही उपासिका. तो यक्ष मीच होतो." इतरांच्या प्राणांसाठी स्वतःच्या पूजेवर पाणी सोडणे, हीच दानपारमिता, दानाची परिपूर्णता होय.