कुंपणापाशी उभी राहिलेली सावली

शके अठराशे चोवीस, मार्गशीर्ष महिना. ज्वारी काढून झाली होती, पण मळायला माणूस नव्हता. आमच्या आंबेघोळ गावात घराघरांत उंदीर मरून पडले आणि त्यांच्यामागून माणसं पडू लागली. प्लेग आला होता. गाव दारं उघडी टाकून माळावर झोपड्यांत राहायला गेलं.

त्यातच गुलाब अत्तार गावात अडकला. सुया, मणी, अत्तराच्या कुप्या विकत फिरणारा माणूस. त्याच्या पेटीच्या तळाशी गोष्टीचं एक पुस्तक असे.

हैबती हा पाटलाचा एकुलता मुलगा. अक्षरं त्याला येत होती, पण गुरुजींनी ती छडीने शिकवली होती. पुस्तक दिसलं की तो कणगीत जाऊन लपे.

हैबतीला ताप भरला, जांघेत गाठ आली. त्याची झोपडी वेगळी केली, भोवती काटेरी कुंपण घातलं. आत फक्त आई. असं म्हणतात, त्या दिवशी भर दुपारी कुंपणावर एक सावली पडली. सावली माणसाची होती, पण माणूस नव्हता. कुत्री शेपूट घालून पळाली.

सावली सगळ्यांनी पाहिली. पुढे एकटा अत्तार गेला. कुंपणाबाहेर बसला आणि पुस्तक उघडलं.

"ते नको, चाचा," आतून पोरगा म्हणाला. "त्यात गुरुजी बसलेत."

"नाहीत रे. झटकून आणलंय."

अत्तार वाचू लागला. हरवलेल्या भावाला शोधत धाकटा पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो. पाण्याशी पोचतो, तर खालून त्याच्याच आवाजात त्याला हाक येते. इथे अत्ताराने पुस्तक मिटलं.

"पुढं?"

"पुढचं उद्या. ऐकायचं असेल तर उद्यापर्यंत राहा."

हैबती राहिला. अत्तार रोज वाची आणि रोज भीतीच्या जागी थांबे. असं म्हणतात, सावलीही कान देऊन उभी असे. आत जायचं विसरे. शेवटी गाठ फुटली, ताप उतरला. सावली दिसेनाशी झाली.

"शेवट राहिला, चाचा."

अत्ताराने पुस्तक कुंपणावरून आत दिलं. "तुझा तू वाच."

हैबतीने ते पालथं घालून ठेवलं. हात लावला नाही.

मग अत्तारच पडला. त्याचीही झोपडी वेगळी करून कुंपण घातलं. परका माणूस, त्याच्यापाशी कोण जाणार? पाणी ठेवून लोक मागे सरत. आणि भर दुपारी त्याच्या कुंपणावर सावली आली.

हैबतीची आई एवढंच म्हणाली, "तुझ्यासाठी तो बसला. त्याच्यासाठी कोण बसतंय?"

पोरगा पुस्तक घेऊन गेला. कुंपणाशी बसला. उन्हातही मानेवर गार लागत होतं. बोट ठेवून वाचू लागला, पण आवाज फुटेना.

"मोठ्यानं वाच," आतून अत्तार म्हणाला. "सावलीलाही ऐकू जाऊ दे."

हैबती वाचत गेला. अडखळला, मागे आला, पुन्हा वाचलं. वाचता वाचता तो स्वतःच विहिरीत उतरला. हाक कुणाची ते त्याला कळलं, आणि बोट कधी सुटलं ते कळलं नाही. मग शेवटचं पान आलं. मानेवरचा गारवा हलला. पुस्तक संपलं की सावली आत जाणार, हे त्याने ओळखलं.

त्याने पान उलटलं नाही. पानं मागे नेऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. या खेपेला त्याला पहिल्यांदा न दिसलेलं दिसलं. एका ठिकाणी तो खदखदून हसला. प्लेगच्या माळावर ते हसू सगळ्यांनी ऐकलं. हातातलं काम टाकून लोक लांब उभे राहिले.

दिवस कलला. हैबतीने पुस्तक मिटलं.

"पुढं?" आतून क्षीण आवाज आला.

"पुढचं उद्या, चाचा. ऐकायचं असेल तर राहा."

अत्तार राहिला. असं म्हणतात, सावली उभ्या उभ्या विरून गेली. ती त्या माळावर पुन्हा कुणी पाहिली नाही.

आमच्या शाळेत तेव्हापासून छडी नाही. मार्गशीर्षात भर दुपारी गाव माळावर जमतं. काटेरी कुंपण घालतात. म्हातारं माणूस आत बसतं, आणि वाचायचा कंटाळा करणारं पोर बाहेर बसून तीच गोष्ट वाचतं. मूळ पुस्तक कसरीने खाल्लं. आता पोरांनी उतरवून ठेवलेलं आहे. शेवटचं पान तिथे कुणी वाचत नाही. ते ज्याने त्याने घरी वाचायचं.

बरा झाल्यावर अत्ताराने पेटी डोक्यावर घेतली. पुस्तक हैबतीकडेच राहू दिलं.

"चाचा, तुमचे उपकार—"

"फिटले," अत्तार म्हणाला, आणि चालू लागला.