सुईलीचा कापूस

डोंगरापलीकडे ओढा.
ओढ्यापलीकडे भोकर.
भोकरीवर कोण?
भोकरीवर सुईली.

सुईली म्हणजे शिंपीण. एवढंसं पाखरू. पाठ हिरवी. डोक्यावर तांबूस टोपी. शेपटी सदा वर. आणि चोच? चोच सुईसारखी.

सुईली आज घर शिवत होती. तिचं पहिलंवहिलं घर. भोकरीचं पान घेतलं. पानाला भोक पाडलं, टुच. धागा ओवला, सुळुक. टुच, सुळुक. टुच, सुळुक. निम्मं घर शिवून झालं.

शेजारी होता कापसाचा पुंजका. पांढरा पांढरा. मऊ मऊ. सावरीच्या झाडावर हा एकच उरला होता. उद्या अंडी घालायची होती. कापूस तर हवाच.

तेवढ्यात वारा आला. फूऽऽ.
कापूस उडाला. भिरभिर भिरभिर.
कापूस अडकला. कुठे?

सुईली निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
समोर एक झाड. सुईलीने मान वाकडी केली. टुकुटुकु पाहिलं.
पान गोल. पानाची पाठ पांढुरकी. एक काटा सरळ, एक काटा वाकडा. वाकड्या काट्यात कापूस.
"ही तर बोरी."

सुईली म्हणाली, "बोरीबाई, बोरीबाई, वारा आला, कापूस गेला. कापूस गेला, काट्यात अडकला. काटा सोड ना."
बोरी म्हणाली, "मी नाही सोडणार. माझे काटे वाकडे. धरलं की सुटत नाही. खारीने फांदी हलवली, तर सुटेल."

सुईली निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
दगडाआड कुणीतरी काहीतरी कुरतडत होतं. कुरुम कुरुम.
सुईलीने मान वाकडी केली. टुकुटुकु पाहिलं.
पाठीवर पट्टे. शेपूट झुपकेदार. खाते दोन हातांनी.
"ही तर खार."

सुईली म्हणाली, "खारूताई, खारूताई, वारा आला, कापूस गेला. कापूस गेला, काट्यात अडकला. बोरी सोडेना. फांदी हलव ना."
खार म्हणाली, "मी नाही हलवणार. फांदीवर मुंगळे आहेत. पायाला कडकडून चावतात. मुंगळे घरी गेले, तर हलवीन."

सुईली निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
फांदीवर एक लांबच लांब ओळ. लगबग लगबग.
सुईलीने मान वाकडी केली. टुकुटुकु पाहिलं.
अंग काळं. कंबर बारीक. पाय किती? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.
"हे तर मुंगळे."

सुईली म्हणाली, "मुंगळेदादा, मुंगळेदादा, वारा आला, कापूस गेला. कापूस गेला, काट्यात अडकला. बोरी सोडेना. खार हलवेना. घरी जा ना."
मुंगळे म्हणाले, "आम्ही नाही जाणार. वाटेत सरडा बसलाय. जीभ काढतो नि मटकन गिळतो. सरडा उठला, तर जाऊ."

सुईली निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
बुंध्यापाशी कुणीतरी मान हलवत होतं. वर खाली, वर खाली.
सुईलीने मान वाकडी केली. टुकुटुकु पाहिलं.
अंगावर खवले. पाठीवर करवत. शेपूट लांबलचक.
"हा तर सरडा."

सुईली जरा लांबच थांबली. म्हणाली, "सरडोबा, सरडोबा, वारा आला, कापूस गेला. कापूस गेला, काट्यात अडकला. बोरी सोडेना. खार हलवेना. मुंगळे जाईनात. वाटेतून ऊठ ना."
सरडा म्हणाला, "मी नाही उठणार. जाऊ तरी कुठे? माझा उन्हातला दगड पाचोळ्याखाली गेला. सातभाईंनी पाचोळा उडवला, तर उठेन."

सुईली निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
करवंदीच्या जाळीत गलका चालला होता. कलकल कलकल.
सुईलीने मान वाकडी केली. टुकुटुकु पाहिलं.
पाखरं सात. रंग मातकट. डोळे पांढुरके. एक ओरडला की सगळे ओरडतात.
"हे तर सातभाई."

सुईली म्हणाली, "सातभाई, सातभाई, वारा आला, कापूस गेला. कापूस गेला, काट्यात अडकला. बोरी सोडेना. खार हलवेना. मुंगळे जाईनात. सरडा उठेना. पाचोळा उडवा ना."
सातही भाई एकमेकांना चिकटून बसले.
थोरला भाई हळूच म्हणाला, "आम्ही नाही उडवणार. पाचोळ्यात शिक्रा बसलाय. शिक्रा पाखरं पकडतो. ती बघ त्याची शेपटी."

सुईलीने पाहिलं. खरंच की. पाचोळ्यातून शेपटी वर आली होती. पंख्यासारखी पसरलेली. एक पट्टा तपकिरी, एक पट्टा पांढरा. एक पट्टा तपकिरी, एक पट्टा पांढरा.

सुईलीची छाती धडधडली. धडधड धडधड.
आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.
उडून जावं का? पण कापूस? पण अंडी?

सुईली निघाली. टुणुक. थांबली.
टुणुक. थांबली.
मान वाकडी केली. टुकुटुकु पाहिलं.

वारा आला. फूऽऽ. पाचोळा हलला. शेपटी हलली नाही.
"पिसं असती, तर हलली असती," सुईली मनात म्हणाली.

टुणुक. आणखी जवळ.
शेपटी आहे. डोकं कुठाय? डोकं नाही.
पाय कुठायत? पाय नाहीत.
पाचोळ्याखाली वाळकं लाकूड. शेपटी लाकडालाच चिकटलेली.

सुईलीने चोच मारली. टुच.
शिक्रा ओरडला का? कुणीच ओरडलं नाही.
"ही तर बुरशी," सुईली म्हणाली. "लाकडावर उगवलेली बुरशी."

जाळीतून थोरला भाई म्हणाला, "बुरशीला कुठे पट्टे असतात?"
"हिला आहेत," सुईली म्हणाली. "जवळ या आणि बघा."

एक भाई आला. दुसरा आला. मग सगळे आले. सगळ्यांनी मान वाकडी केली. सगळ्यांनी टुकुटुकु पाहिलं.
"बुरशीच आहे गं," थोरला भाई म्हणाला. "आम्ही सात जण घाबरलो. तू एवढीशी. तुला नाही भीती वाटली?"
"वाटली की," सुईली म्हणाली. "तरी मी बघितलं."
आणि तिची शेपटी आणखी थोडी वर झाली.

मग काय झालं?
सातभाईंनी पाचोळा उडवला. खसखस खसखस.
दगड मोकळा झाला. सरडा उठला. सरसर सरसर.
वाट मोकळी झाली. मुंगळे घरी गेले. लगबग लगबग.
फांदी मोकळी झाली. खार वर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.
खारीने फांदी हलवली. गदगद गदगद.
बोरीचा काटा सुटला.
कापूस उडाला. भिरभिर भिरभिर.

सुईलीने झेप घेतली. भुर्रर्र.
कापूस चोचीत. भुईवर पडूच दिला नाही.

सुईली भोकरीवर आली. टुच, सुळुक. टुच, सुळुक. टुच, सुळुक. पानाची झाली पिशवी. पिशवीत अंथरला कापूस. मऊ मऊ, ऊबदार.

सुईली आत बसली. फिरून बसली. छान मावली.
मग फांदीवर आली. छाती फुगवली. अंग एवढंसं, आवाज केवढा मोठा.
"टुविक टुविक टुविक टुविक."
डोंगरापर्यंत ऐकू गेलं.
म्हणजे काय, ठाऊक आहे? म्हणजे, "माझं घर. मी शिवलं. मी."

शेवटचा टाका पडला, धागा संपला.
गोष्टीला आमच्या गाठ मारा चला.