कपाटात गायलेलं भजन

दिगंबरबुवांचे कान मोठे, आणि गर्व तर त्यांत मावत नसे! भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रित संग्रहासाठी गाणी तेच निवडत, आणि मंडळातल्या शेवंताचं गाणं त्यांनी दोनदा बाद केलं होतं. "घरचं रेकॉर्डिंग मी कानांनीच ओळखतो. कुकरची शिट्टी, धापा, वर कोरडा आवाज!"

तिसऱ्या, शेवटच्या खेपेला तिचं रेकॉर्डिंग ऐकून बुवा डोलले. "वा! स्टुडिओ कुठला?"

"गोधड्यांचं कपाट, बुवा. आत बसून गायले. मग मोबाईलवर धापा कापल्या, देवळातल्यासारखा घुमारा घातला."

"म्हणजे घरचंच! बाद!"

"करा की. कारण फक्त लिहा, बुवांनी कानांनी ओळखलं म्हणून."

सगळं मंडळ खो खो हसलं. बुवांनी मुकाट्याने 'पसंत' लिहिलं.

शेवंता मात्र मनापासून त्यांच्या पाया पडली. "तुम्ही चुका सांगितल्या नसत्या, तर मी सुधारल्या कुठल्या असत्या?"